चीक

सकाळी साडेसहाला, माटुंग्यात,
बंद दवाखान्याच्या आवारात
एक रबराचं झाड आहे, वडाच्या कुळातलं.
पानं जाड, पॉलिश केलेल्या बुटांसारखी.
वॉचमन विचारतो, काय मॅडम, आज पण दूध?
मी म्हणते, दूध नाही, चीक.
तो म्हणतो, एकच की.

एकच नाही. पण घाई असते.
पात्याची एक तिरकी रेघ.
झाड आधी थांबतं, विचार केल्यासारखं,
मग पांढरं होतं.
थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळी, नळीत बफर.
जरा उशीर झाला की चीक स्वतःलाच चिकटतो
आणि मग त्याला काहीही विचारता येत नाही.

आमच्या घरी हा एकच शब्द सगळीकडे पुरायचा:
व्यालेल्या म्हशीचा चीक,
कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक,
फणस चिरताना कोपरापर्यंत जाणारा चीक,
जो फक्त खोबरेल तेलाचं ऐकतो.

धुरीमामा सेंट्रीफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर ठेवतात.
आधी सोनाराकडे होते,
थेंबाचा फरकही सोसत नाहीत.
यंत्र फिरतं. वर साय येते.
ती काढायची, धुवायची, पुन्हा फिरवायची,
तीनदा,
म्हणजे झाडाचं बाकी सगळं निघून जातं
आणि उरतात फक्त कण.

कणाच्या पोटात रबर, वरून पातळ कातडी,
कातडीत रुतलेला कारागीर.
बाहेरून तो पाच-पाच कार्बन उचलतो
आणि साखळी आत, अंधारात सोडत जातो.
मागच्या वर्षी मी त्याला बाहेर काढला,
साबणानं कातडी सोडवून, एकटा, स्वच्छ.
त्यानं काही केलं नाही.
दीड महिना काही केलं नाही.
वखारियाबाई म्हणाल्या, घर मोडून सुताराला म्हणतेस, खुर्ची कर.

म्हणून आता त्याला घरासकट घेते.
झाड नाही, ऊन नाही, मूळ नाही,
काचेच्या नळीत चमचाभर साय,
चिमूटभर मॅग्नेशियम,
आणि आयसोप्रीनचा कच्चा माल,
ओळख पटावी म्हणून किरणोत्सारी.
चार तास. मग गाळणकागद,
मग मोजणारं यंत्र.

पहिल्या नळीत मॅग्नेशियम नव्हतं: बेचाळीस.
दुसरी उकळून मारलेली: एकोणचाळीस.
तिसरी:
सहा हजार एकशे आठ.
धुरीमामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले,
कागद संपलाय का बघा, उगाच काही छापेल.
कागद होता.
पुन्हा मोजलं. सहा हजार नव्वद.

झाडाशिवाय रबर झालं होतं.
किती, ते हिशेबानं कळलं:
पेन्सिलीचं एक टिंबही खोडता येणार नाही, एवढं.

संध्याकाळी कुर्ल्याला, पाइपलाइनच्या रस्त्यावर,
आबांच्या दुकानात गेले.
ते ट्यूब पाण्यात फिरवत होते, बुडबुड्याची वाट बघत.
मी सगळं सांगितलं, कण, कातडी, आकडे.
बुडबुडा आला. त्यांनी तिथं बोट ठेवलं,
दुसऱ्या हातानं सोल्युशनचा डबा ओढला
(आमच्याकडेही सोल्युशन म्हणतात, पण त्याला हा वास नसतो)
आणि विचारलं,
ताणून बघितलंस?

नाही. मोजलं फक्त.

ते काही बोलले नाहीत. ठिगळ दाबत राहिले.
माझ्या नखाखाली सकाळचा चीक वाळला होता,
झाडाचाच, माझा नव्हे.
त्यांनी तो खरवडून घेतला,
अंगठ्यानं वळला, दोन्ही बाजूंनी ओढला,
एक दोरा निघाला, उजेडात जेमतेम दिसणारा,
आणि तुटला.

कच्चं आहे, म्हणाले. गंधक लागेल.
आणि ते दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले,
गिऱ्हाइकाचे सुट्टे परत करावेत तसे.